घरी रेकॉर्डिंग करायचंय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? गळा-पेटी-तबलावाल्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली काही वर्षं घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतोय. आईचे अभंग, गल्लीतल्या भजनी मंडळाची भजनं, कॉलेजच्या पोरांची गाणी, गणपतीच्या आधी दोन-तीन आरत्या असं चालू असतं, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी तेच तेच विचारतं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. यात माझी मतं आहेत आणि ती मी मतं म्हणूनच लिहिलीत, पण जे सांगतोय ते वापरून बघूनच सांगतोय.

हे डॉ डॉ म्हणतात ते काय असतं?

डीएडब्ल्यू, बोलताना डॉ. कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, बस्स. एका ट्रॅकवर आवाज, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर तबला असं वेगवेगळं घ्यायचं, चुकलेलं कापायचं, लेव्हल जुळवायची, थोडा रिव्हर्ब म्हणजे घुमारा घालायचा आणि शेवटी एक फाईल काढायची.

सगळ्यात चांगलं कुठलं?

हा प्रश्न आला की मी उलटा विचारतो, तुमच्या गाण्यात माइकसमोर वाजणारं काय काय आहे? कारण खरा फरक तिथं पडतो. नेटवर जे सल्ले मिळतात ना, त्यातले बरेचसे बीट बनवणाऱ्यांचे असतात, म्हणजे लॅपटॉपवरच ड्रम, बेस, सिंथ सगळं तयार करायचं आणि शेवटी वरून एक आवाज घ्यायचा. त्यांच्यासाठी ते सल्ले अगदी बरोबर आहेत. पण आपल्याकडं विचारायला येणारी निम्मी माणसं गाणारी नाहीतर वाजवणारी असतात. त्यांना लूप, म्हणजे परत परत वाजणारा तयार तुकडा, नको असतो, त्यांना हवं असतं की चार वेळा गायलेल्या अंतऱ्यातला दुसऱ्या वेळचा पहिला चरण आणि चौथ्या वेळची शेवटची ओळ जोडता आली पाहिजे, तबल्याचा एक चुकलेला बोल दुरुस्त करता आला पाहिजे, आणि आलाप चालू असताना सॉफ्टवेअरनं मध्ये लुडबुड करता कामा नये. या दोन कामांची सॉफ्टवेअरं वेगळी नाहीत, सगळी सगळं करतात, पण कुणाचा हात कशात बसलाय हे वेगळं आहे. आपलं काम यातलं कुठलं हे एकदा पक्कं ठरवा, मग निम्मी नावं आपोआप गळतात.

मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यानं काय घ्यावं?

विंडोजवर असाल तर रीपर. मी स्वतः यावरच काम करतो त्यामुळं थोडा जीव आहे त्याच्यावर, पण कारणं सांगतो.

एक म्हणजे हलकं आहे. इन्स्टॉलरची फाईल एखाद्या व्हिडिओपेक्षा छोटी, जुन्या लॅपटॉपवर पण उघडतं, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. दुसरं म्हणजे ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, काहीही बंद करून ठेवलेलं नसतं. मग घरगुती वापराचं किंवा वर्षाला २० हजार डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्याचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं, त्याच्या वर कमावत असाल तर २२५ डॉलर. सॉफ्टवेअर दोन्हीकडं तेच, फरक फक्त लायसन्सचा. आणि ते दोन मोठ्या व्हर्जनपर्यंत चालतं, म्हणजे ७ घेतलं तर ८ चे सगळे अपडेट संपेपर्यंत परत पैसे नाहीत. हे बनवणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे ज्यानं विनॲम्प केलं तोच. आपल्यातल्या कितीतरी जणांनी एमपी३ वर पहिली गाणी विनॲम्पवरच ऐकलीत.

आता उणं काय ते पण ऐका. उघडल्यावर दिसायला रुक्ष आहे, आणि सोबत वाद्यं जवळजवळ काहीच येत नाहीत. पियानो, स्ट्रिंग्ज, ड्रम हवे असतील तर वेगळे फुकटचे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, शोधून टाकावे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं की हे काय, यात तर काहीच नाहीये! पण तुमच्याकडं पेटी आहे, तबला आहे, टाळ आहेत, गळा आहे, मग तुम्हाला त्यातलं काय पाहिजे? ईक्यू (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करायला), कंप्रेसर (मोठा-लहान आवाज एका पातळीवर आणायला), रिव्हर्ब, सूर बघायचा ट्यूनर हे सगळं त्यात आहे आणि चांगलं आहे.

कार्डानं पैसे भरताना अडकलात तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का ते बघा. निम्म्यांचं पेमेंट तिथंच अडकलेलं असतं.

सगळे मित्र एफएल स्टुडिओ वापरतात, मी पण तेच घेऊ का?

बीट, डीजे मिक्स, रॅप, ढोल-ताशाचे रिमिक्स असं करायचं असेल तर बिनधास्त घ्या. बेल्जियमच्या इमेज-लाइनचं हे सॉफ्टवेअर, पूर्वी नाव फ्रूटीलूप्स होतं, आणि याच्या स्टेप सीक्वेन्सरवर ठेका बसवण्याइतकं सोपं मी दुसरं पाहिलेलं नाही, दहावीतला पोरगा सुद्धा तासाभरात काहीतरी वाजवून दाखवतो. शिवाय एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट, ही मोठी गोष्ट आहे.

पण दोन ठिकाणी माणसं फसतात. एक, सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये कितीतरी वर्षं माइकवरून ऑडिओ रेकॉर्ड करून प्लेलिस्टवर मांडता येत नव्हता, त्यासाठी प्रोड्यूसर एडिशन लागायचं, त्यामुळं घ्यायच्या आधी एडिशन नीट बघा. एका ओळखीच्या मुलीनं गाण्यासाठी म्हणून स्वस्तातलं घेतलं आणि माइक लावल्यावर कळलं. दोन, ट्रायलमध्ये सगळं वापरता येतं, प्रोजेक्ट सेव्ह पण होतो, पण बंद करून परत उघडायला गेलात की विकत घेतल्याशिवाय उघडत नाही. त्यामुळं ट्रायलवर काम करताना बंद करायच्या आधी ऑडिओ फाईल काढून ठेवा. गायकाचे पाच-सहा टेक, म्हणजे तेच परत परत गायलेलं, घेऊन त्यातलं निवडायचं काम यात होतं, पण मला ते वळसा घालून गेल्यासारखं वाटतं.

आणि एबलटन लाइव्ह?

स्टेजवर लॅपटॉप घेऊन उभं राहायचं असेल तर हेच. बर्लिनच्या लोकांनी २००१ मध्ये आणलं, आणि त्याचा सेशन व्ह्यू म्हणजे चौकोनांची जाळी, कुठलाही चौकोन दाबा, तो तुकडा तालात वाजायला लागतो. फ्यूजन बँडवाले, इलेक्ट्रॉनिकवाले यांच्या हातात हे शोभतं. एक मात्र सांगतो, टेक निवडून जोडायची सोय यात थेट ११ व्या व्हर्जनला, २०२१ मध्ये आली, म्हणजे गायकाच्या कामाला त्यांनी कितव्या नंबरावर ठेवलं होतं ते बघा. इंट्रो एडिशनला १६ ट्रॅकची मर्यादा आहे. भजनाच्या रेकॉर्डिंगला १६ पुरतात खरं तर.

माझ्याकडं मॅक आहे.

मग डोक्याला ताप नाही. गॅराजबँड फुकट मिळतं, त्यावर सहा महिने काम करा. कमी पडायला लागलं की लॉजिक प्रो, एकदाच पैसे, मॅकवर ९० दिवस वापरून बघता येतं, आणि गॅराजबँडचे प्रोजेक्ट त्यात जसेच्या तसे उघडतात. वाद्यांचा साठा प्रचंड आहे. टेक निवडायची पद्धत तर इतकी सरळ आहे की चार टेक एकाखाली एक दिसतात आणि हवा तो भाग माउसनं ओढला की तो वाजतो. एम१ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळं माइकशेजारी लॅपटॉप ठेवला तरी घरघर रेकॉर्ड होत नाही. लहान खोलीत काम करणाऱ्याला याचं मोल कळेल. पण फक्त लॉजिकसाठी कर्ज काढून मॅक घेऊ नका हो, तेवढ्या पैशात माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), हेडफोन आणि खोलीचे पडदे सगळं होतं.

पैसे अजिबातच नाहीत, फुकट काय आहे?

ऑडॅसिटी सगळ्यांना माहीत असतं. एकच आवाज रेकॉर्ड करून साफ करायचा, पॉडकास्ट, कीर्तनाचं रेकॉर्डिंग कापून लहान करायचं, याला उत्तम. पण बरेच ट्रॅक, वाद्यं, पुन्हा पुन्हा बदलत बसायचं मिक्स यासाठी ते बनलेलंच नाही. इफेक्ट लावून वाजता वाजता बदलायची सोय सुद्धा त्यात २०२२ मध्ये आली.

विंडोजवर केकवॉक फुकट मिळत आलंय आणि ते जुनं, कसलेलं सॉफ्टवेअर आहे. वेव्हफॉर्म फ्री पण चांगलं. प्रो टूल्स इंट्रो फुकट आहे, त्यात ८ ऑडिओ ट्रॅक मिळतात.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. ऑडिओ इंटरफेस घेतला की बहुतेक वेळा खोक्यात एखाद्या सॉफ्टवेअरच्या छोट्या आवृत्तीचा कोड असतो, कुठं एबलटन लाइव्ह लाइट, कुठं क्यूबेस एआय किंवा एलई. खोकं टाकायच्या आधी बघा! मी दोन जणांचं खोकं रद्दीतून परत काढायला लावलंय.

क्रॅक व्हर्जन टाकलं तर काय होतं?

एक तर ते चोरीचं आहे, आणि आपण स्वतः गाणं बनवणारी माणसं, आपलं गाणं कुणी उचललं की आपला जीव जळतो, मग दुसऱ्याच्या कामाचं तसं का करायचं. दुसरं म्हणजे त्या फाईलबरोबर काय काय आत येतं ते कळत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर तुमची नेटबँकिंग असते. तिसरं रोजच्या कामातलं, प्लगइन मध्येच बंद पडतो, अपडेट करता येत नाही, आणि वर्षभरानं जुना प्रोजेक्ट उघडला की अर्ध्या ट्रॅकवर आवाजच नसतो. इतके फुकट आणि स्वस्त पर्याय असताना याची गरज उरलेली नाही असं मला मनापासून वाटतं.

स्टुडिओत काम करायचं तर प्रो टूल्स यायलाच पाहिजे का?

मुंबईत सिनेमाच्या, डबिंगच्या, मोठ्या रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर हो, शिका. स्वतःच्या घरी स्वतःचं गाणं करायचं असेल तर गरज नाही. ऐकणाऱ्याला फाईल कुठल्या सॉफ्टवेअरमधून निघाली ते ऐकू येत नाही.

लॅपटॉप कसा हवा?

८ जीबी रॅममध्ये रेकॉर्डिंगचं काम होतं, १६ असेल तर निवांत. पण रॅमच्या आधी एसएसडी बघा, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सगळंच रडतखडत चालतं. जागेचा हिशोब असा, २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट म्हणजे साधारण साडेआठ एमबी, म्हणजे ५ मिनिटांचं गाणं १० ट्रॅकवर घेतलं तर सव्वाचारशे एमबीच्या वर गेलं, आणि टेक चार-चार घेतले की त्याच्या चौपट. मशीन दमायला लागलं की वाद्याचा ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तो ऑडिओ होऊन बसतो आणि प्रोसेसरवरचा भार उतरतो, बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

मी गातो आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज मागाहून येतो, सॉफ्टवेअर बदलू का?

नका बदलू! या एका कारणावरून लोकांनी तीन-तीन सॉफ्टवेअरं बदललेली मी पाहिलीत आणि त्रास तसाच राहतो, कारण दोष तिथं नसतोच. याला लेटन्सी म्हणतात. आवाज कॉम्प्युटरमध्ये थोडा थोडा साठवून पुढं जातो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४४,१०० च्या सँपल रेटला बफर १२८ ठेवला तर साधारण ३ मिलिसेकंद उशीर, १०२४ ठेवला तर २३, आणि जाताना एकदा, येताना एकदा धरलं तर त्याच्या दुपटीच्याही वर. आता अंदाज यावा म्हणून सांगतो, हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तबलजी तुमच्यापासून २ मीटरवर बसला तर त्याची थाप तुमच्यापर्यंत ६ मिलिसेकंदांनी पोचते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ४०-५० झालं की गाता येत नाही, जीभ अडखळते.

तर करायचं काय, रेकॉर्डिंगच्या वेळी बफर कमी, १२८ किंवा २५६, आणि मिक्सिंगच्या वेळी परत जास्त. विंडोजवर सेटिंगमध्ये इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर निवडा, आपोआप निवडलेला विंडोजचा नको. इंटरफेस नसेल तर एएसआयओ फॉर ऑल टाकून बघा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरात न जाता थेट कानात येतो, उशीर शून्यासारखाच. आणि ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला अजिबात नको, त्यात उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढं जातो, बफर कितीही कमी करा. वायरचा हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारा, म्हणजे तबला हेडफोनमधून गळून माइकमध्ये जात नाही.

सगळं ४/४ मध्ये दिसतं, माझं गाणं झपतालात आहे.

हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ताल बदलता येतो. केहरवा आणि भजनी ठेका ८ मात्रांचे, ते ४/४ च्या दोन बारमध्ये बसतात, दादऱ्याला ६, एकतालाला १२ म्हणजे ४/४ चे तीन बार. झपतालाला मी ५/४ ठेवतो, दोन बारमध्ये एक आवर्तन होतं, आणि २-३-२-३ चे खंड डोळ्याला दिसावेत म्हणून मार्कर टाकतो, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना.

रूपकात गंमत आहे. ७/४ ठेवलं की क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टकटक, पहिल्या मात्रेवर जोरात वाजतो, पण रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे जोर नसलेल्या मात्रेवर असते, ती ती ना, धी ना, धी ना, त्यामुळं तबलजीला त्या ठणक्यानं कसंतरी होतं. आमच्याकडं एक वयस्कर तबलजी येतात, त्यांनी दोन टेकनंतर हेडफोन काढून खाली ठेवला आणि म्हणाले, हा मशीन माझ्या ‘खाली’वर ‘भरी’ मारतोय रे, बंद कर. मग रीपरच्या मेट्रोनोमच्या सेटिंगमध्ये जोर कुठल्या मात्रेवर द्यायचा ती पॅटर्न बदलली, पहिली हलकी, चौथी आणि सहावी जोरात, आणि तिसऱ्या मिनिटाला टेक ओके झाला. असं बारीक काही करता येतं का, हे सॉफ्टवेअर निवडताना बघायला हवं, आणि ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आलापाला क्लिक लावूच नका. स्नॅप (तुकडे बीटच्या रेघांना आपोआप चिकटवणारी सोय) बंद करा, तानपुरा लावा आणि गाऊन द्या. फक्त एक सेटिंग आधी बघून ठेवा, रीपरमध्ये प्रोजेक्टचा टाइमबेस ‘टाइम’वर ठेवायचा, ‘बीट’वर नाही. नाहीतर नंतर टेम्पो बदललात की रेकॉर्ड झालेला आलाप सगळा जागचा हलतो.

ऑटोट्यूननं मींड सपाट होते, काय करू?

होणारच, कारण ते जवळच्या स्वराला ओढायलाच बनलंय, आणि मींड म्हणजे दोन स्वरांच्या मधलीच वाट. मेलोडाइनसारख्या साधनात प्रत्येक स्वर वेगळा दिसतो, त्यात फक्त लांब ठेवलेला ठहराव घसरला असेल तर तेवढाच उचला, मींड, मुरकी, आंदोलन यांना हात लावू नका. लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच, क्यूबेस प्रोमध्ये व्हेरिऑडिओ, हे सोबतच येतं. रीपरच्या रीट्यूनमध्ये पण हातानं करता येतं, पण ते जरा ओबडधोबड आहे, खरं सांगायचं तर.

आणि यात एक बारकी गोष्ट. जुळलेल्या तानपुऱ्यातून जो शुद्ध गंधार ऐकू येतो तो पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो, १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. चांगला गायक तानपुऱ्यावर तोच गंधार लावतो, आणि सॉफ्टवेअर म्हणतं चुकला, आणि त्याला वर ढकलतं. झालं, मग तानपुऱ्याशी भांडण. म्हणजे सुरेल माणसाला आपण हातानं बेसूर करतो! म्हणून फक्त तानपुऱ्यावरच्या गाण्यात स्क्रीनकडं बघून सूर सुधारू नका, कानानं करा.

पेटी सुरात, गायक सुरात, वरून सॉफ्टवेअरमधल्या स्ट्रिंग्ज लावल्या की सगळं आंबट लागतं.

हे माझ्याकडं झालंय. एका काकांची पेटी, जुनी, सुंदर आवाजाची, पांढरी चारमध्ये ते अभंग गायले. टेक इतका छान झाला की मी हौसेनं मागं स्ट्रिंग्ज टाकायला बसलो आणि रात्री दोनपर्यंत कळेना की घाण कुठून येतीये. स्ट्रिंग्ज एकट्या ऐकल्या तर बरोबर, पेटी एकटी बरोबर, दोन्ही एकत्र लावले की अंगावर काटा. शेवटी पेटीच्या ट्रॅकवर ट्यूनर लावला तर प्रत्येक स्वर जवळजवळ १८ सेंट चढा! पेट्या अशा असतात, कुणी वर लावलेल्या, कुणी वर्षानुवर्षं उतरलेल्या, ए म्हणजे ४४० हर्ट्झ हा हिशोब त्यांना कुणी सांगितलेला नसतो. आणि गाणारा पेटीबरोबर असतो, त्यामुळं आपल्या कानाला चुकतंय असं काही वाटतच नाही.

उपाय उलटा करायचा. पेटी आणि गळा खाली ओढू नका, त्यानं आवाजाचा पोत जातो. स्ट्रिंग्जच्या प्लगइनमध्ये फाइन ट्यून नावाचं बटण असतं, ते तेवढे सेंट वर न्या. लॉजिकमध्ये तर अख्ख्या प्रोजेक्टचं ट्यूनिंग एका जागी बदलता येतं. आता मी पेटी खोलीत आली की आधी सा धरायला लावतो, आकडा बघतो, प्रोजेक्टच्या नोंदीत लिहून ठेवतो. तानपुरा ॲप लावायचं असेल तर त्यातही तेवढाच आकडा टाकायचा.

आणि पट्टी सॉफ्टवेअरला कशी सांगायची हे पण विचारतात. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी चार एफ, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. एवढं एका कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

फक्त मोबाईल आहे, चालेल?

चाल सुचली, मुखडा झाला, टिपून ठेवायचंय, तर मोबाईल चांगलाच. आयफोनवर गॅराजबँड, अँड्रॉइडवर बँडलॅब, दोन्ही फुकट. बँडलॅब ब्राउझरमध्ये पण उघडतं, त्यामुळं घरी मोबाईलवर घेतलेलं मित्राच्या लॅपटॉपवर पुढं नेता येतं. अँड्रॉइडवर लेटन्सीचा त्रास जास्त आहे. पण सुरुवात मोबाईलवर झाली म्हणून कुणी कमी ठरत नाही.

चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की आवाज स्टुडिओसारखा येईल ना?

नाही येणार, आणि मी हे विकत घ्यायच्या आधीच सांगतो. खोली मोकळी, फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या असतील तर आवाज डब्यात गायल्यासारखाच येतो, आणि खोलीचा तो घुमारा एकदा रेकॉर्ड झाला की नंतर काढणं फार अवघड. आईचा पहिला अभंग आम्ही कपाटासमोर घेतला, कपाटाची दारं सताड उघडी, आत साड्या टांगलेल्या, मागं दोरीवर दोन गोधड्या, खाली सतरंजी. पंखा बंद, एप्रिल महिना, आई पदरानं घाम पुसत पुसत गायली, आणि मधल्या ओळीला शेजारच्या कुकरची शिट्टी आली तो टेक गेला. पण जो मिळाला त्यात मला काहीच करावं लागलं नाही, थोडा लो कट (खालची घरघर कापणं) आणि थोडा रिव्हर्ब.

रस्त्याचा, शेजारचा आवाज खूप असेल तर बारीकसारीक सगळं टिपणाऱ्या कंडेन्सर माइकच्या मागं लागू नका, साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरा. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, ते बटण इंटरफेसवर असतं, पहिल्या दिवशी माइक मुका वाटला तर बहुधा तेच दाबायचं राहिलेलं असतं. लेव्हल सगळ्यात मोठ्या तानेला उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, लाल दिवा लागला की तो टेक फाटला. आणि तबल्याचा बायाँ मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मिक्स करू नका, त्यात त्याचा खालचा आवाज येतच नाही, मग तुम्ही तो वाढवत बसता.

यातलं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा स्टुडिओत नेता येतं का?

प्रोजेक्टची फाईल बहुतेक वेळा नाही, पण ऑडिओ नक्की येतो. प्रत्येक ट्रॅक वेगळा करून डब्ल्यूएव्ही फाईल काढायची, सगळ्या अगदी शून्यापासून सुरू, शेवटच्या कडव्यातच टाळ असले तरी त्यांची फाईल पण शून्यापासूनच. म्हणजे समोरचा माणूस सगळ्या एकाखाली एक ठेवतो आणि गाणं जुळतं. सोबत टेम्पो, ताल, पट्टी लिहून द्या, आणि पेटीचे ते सेंट पण. एमपी३ पाठवू नका.

शिकायला किती दिवस लागतात?

रोज एक तास दिलात तर पंधरा दिवसांत रेकॉर्ड करून, कापून, एक बरी फाईल काढता येते. मिक्सिंगचं सांगू शकत नाही, ते कानाचं काम आहे आणि कान सावकाश तयार होतो. पण एक विनंती, वर्षभर सॉफ्टवेअर बदलू नका. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्याचं गाणं पूर्ण झालेलं मी बघितलेलं नाही.

मध्येच लाइट गेली तर?

लॅपटॉपला बॅटरी असते आणि यूएसबीवर चालणारा इंटरफेस त्यावरच चालू राहतो, म्हणून खेड्यापाड्यात काम करणाऱ्याला मी लॅपटॉपच सांगतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा. माझ्याकडं डेस्कटॉप होता तेव्हा भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली, अकरा माणसं अंधारात बसलेली, आणि मी प्रोजेक्ट एकदाही सेव्ह केला नव्हता. लाइट आल्यावर बघतो तर प्रोजेक्ट गायब. पण आवाजाच्या फायली रेकॉर्ड होता होता डिस्कवर लिहिल्या जात होत्या, त्या डॉक्युमेंट्समधल्या रीपर मीडियाच्या फोल्डरमध्ये सापडल्या, शेवटचा थोडा तुकडा सोडला तर सगळं भजन होतं. तेव्हापासून मी नवा प्रोजेक्ट उघडला की माइक लावायच्या आधी नाव देऊन सेव्ह करतो, ऑटोसेव्ह ५ मिनिटांवर, आणि माणसं चहा घेत असतात तोवर अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकतो.